सलमाची गोष्ट आणि सलमाची पुस्तकं



मागच्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी ग्रामपंचायत सदस्य बायकांचं दोन दिवसांचं शिबिर होतं. दुपारच्या जेवणानंतरची वेळ, सगळ्यांच्या डोळ्यांवर झापड. अशा वेळी मी नेहमी एखादी गोष्ट सांगते. त्या दिवशी तमिळ कवयित्री सलमाची सांगितली. ही गोष्ट मी गेली काही वर्षं शिबिरांतून सांगत आले आहे. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे आता पाठ झालंय. गोष्ट संपली. बायका गप्प झाल्या, एकदोघींनी डोळ्यांना पदर लावला. मला बरं वाटलं. तेवढ्यात मागच्या रांगेतून पन्नाशीच्या एक सदस्य बाई म्हणाल्या, "ताई, ती संडासात बसून लिहायची ते समजलं. पण लिहायची काय, ते तुम्ही सांगितलंच नाही की."

मी काहीतरी उत्तर दिलं. बाईच्या दुःखाबद्दल लिहायची, शरीराबद्दल लिहायची, वगैरे. खरं उत्तर असं होतं की तोवर मी सलमाचं एकही पुस्तक पुरतं वाचलेलं नव्हतं. चार कविता, दोन मुलाखती आणि एक माहितीपट, एवढ्या भांडवलावर मी तिला गावोगाव घेऊन फिरत होते. त्या बाईंना द्यायचं राहिलेलं उत्तर या वेळच्या संपादकीयात द्यायचा प्रयत्न करते आहे.

ज्यांना सलमा ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी ती गोष्ट. तामिळनाडूत तिरुचिरापल्ली जिल्ह्यात तुवरंकुरिची नावाचं गाव आहे. तिथल्या मुस्लिम कुटुंबात १९६८ मध्ये तिचा जन्म झाला. घरात तिला राजाती म्हणत. नववीत असताना, तेरा वर्षांची असेल, मैत्रिणींबरोबर ती चोरून सिनेमाला गेली. थिएटरात नेमका मोठ्यांसाठीचा सिनेमा लागलेला होता. गोष्ट घरी कळली आणि शाळा बंद झाली. तसंही त्या गावात न्हाण आलेल्या मुलीनं घराबाहेर पडायचं नाही असाच रिवाज होता, सिनेमा हे निमित्त झालं. पुढची कित्येक वर्षं घर, खिडकी आणि खिडकीतून दिसेल तेवढी गल्ली. वाण्याकडून सामान बांधून येई त्या वर्तमानपत्राचे तुकडेसुद्धा ती वाचत असे. तिला लग्न करायचं नव्हतं. आईच्या आजारपणाचं कारण पुढे झालं आणि ती बोहल्यावर चढली. सासरी लिहिणं कुणालाच खपत नव्हतं, कागद सापडले की फाडले जात. मग रात्री सगळे झोपल्यावर संडासात जाऊन, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर लिहायचं, कपड्यांच्या घड्यांत लपवायचं, आणि आईच्या हातून ते बाहेर पाठवायचं. कविता छापून यायच्या त्या 'सलमा' या नावानं. खलील जिब्रानच्या लेखनातलं हे नाव तिनं घेतलं होतं. २००० साली नागरकोईलच्या कालच्चुवडु प्रकाशनानं तिचा पहिला संग्रह काढला. तमिळ वाचक विचारू लागले, ही सलमा कोण? आणि ती ज्या गल्लीत राहत होती त्या गल्लीला पत्ता नव्हता.

यानंतरचा भाग आपल्या शिबिरांत सगळ्यात जास्त रंगतो. २००१ साली पंचायतीच्या निवडणुका आल्या. तिच्या नवऱ्याला उभं राहायचं होतं, पण अध्यक्षपद स्त्रियांसाठी राखीव निघालं. आपल्याकडे काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. सही बायकोची, खुर्ची बायकोची, कारभार नवऱ्याचा. तिथेही त्याच हिशेबानं तिला उभं केलं गेलं. ती निवडून आली, आणि गावाला कळलं की आपली नवी अध्यक्ष म्हणजेच ती कवयित्री. पाच वर्षं तिनं ते पद सांभाळलं. २००६ मध्ये द्रमुकनं तिला मरुंगापुरी मतदारसंघातून विधानसभेसाठी उभं केलं. तिथे ती हरली. पुढे राज्याच्या समाजकल्याण मंडळाची ती अध्यक्ष झाली. २०१३ साली ब्रिटिश दिग्दर्शिका किम लाँगिनोटो यांनी तिच्यावर माहितीपट केला आणि ती जगभर पोचली. २०२५ च्या जुलैमध्ये तिनं राज्यसभेची सदस्य म्हणून शपथ घेतली. कागदोपत्री नाव रोकय्या मलिक, पण पक्षानं जाहीर केलं ते नाव 'कवयित्री सलमा' असं. ज्या नावाआड ती एके काळी लपली होती, त्याच नावानं ती संसदेत गेली.

गोष्ट अशी आहे. सांगायला सोपी, ऐकायला गोड आणि शेवट सुखाचा. कार्यकर्तीला याहून काय हवं? पण त्या बाईंच्या प्रश्नानंतर मी तिच्याकडे पुन्हा पाहू लागले, तेव्हा माझी मलाच दोन ठिकाणी लाज वाटली.

पहिली जागा. मुस्लिम स्त्रियांच्या संघटनेत काम करणारी माझी एक मैत्रीण मला पूर्वीच म्हणाली होती, "तू ही गोष्ट सांगतेस तेव्हा समोरच्या बायकांच्या माना कशा हलतात, पाहिलंस का कधी?" मी पाहिलं नव्हतं. नंतर पाहिलं. त्या माना सलमाच्या धैर्याला दाद देत हलतात हे खरं, पण त्यात 'त्यांच्यात असंच असतं बाई' असा एक सुटकेचा श्वासही असतो. आपल्या घरच्या कुलपाकडे पाहायची वेळ टळते. आता बंगालच्या राससुंदरी देवी आठवा. एकोणिसाव्या शतकातल्या खानदानी हिंदू घरातली सून. चैतन्य भागवताचं एक पान पोथीतून काढून तिनं स्वयंपाकघरात लपवलं, आणि चुलीपाशी चोरून अक्षर ओळखत वाचायला शिकली. १८७६ मध्ये तिचं आत्मचरित्र छापून आलं. आपल्या रमाबाई रानड्यांना घरातल्याच बायकांनी शिकण्यावरून किती छळलं ते त्यांनीच आठवणींत लिहून ठेवलंय. तेव्हा चूल काय आणि संडास काय, लपवायच्या जागा बदलल्या, लपवणं तेच राहिलं. मग सलमाच्या घराचा धर्म तेवढा आपल्या लक्षात का राहतो?

सलमानं स्वतः याची सोय कुणाला करून दिलेली नाही. तिच्या लेखनात जमातीच्या पुरुषांची धर्माच्या नावाखालची मुजोरी सरळ दिसते. त्यामुळे तिच्याच माणसांना ती नकोशी झाली. पण जे लोक तिचा दाखला देऊन एका अख्ख्या समाजावर बोट रोखू पाहतात, त्यांच्या हातीही ती लागत नाही, कारण तिची माणसं नमुन्याची नाहीत. ती हसतात, भांडतात, एकमेकींची उणीदुणी काढतात, खातात-पितात, ईदेची तयारी करतात.

दुसरी जागा आईची. गोष्ट सांगताना मी आईला एकदा वाईट आणि एकदा चांगली करून टाकत असे. लग्नाच्या वेळी वाईट, कविता बाहेर नेताना चांगली. पण ती एकच बाई आहे ना! लेकीला सापळ्यात अडकवणारीही तीच आणि दवाखान्याचं निमित्त करून लेकीला बाहेर काढणारीही तीच. हे एकाच देहात कसं नांदत असेल? आपण गटचर्चेत 'पितृसत्तेची वाहक स्त्री' असा शब्द वापरतो आणि पुढच्या मुद्द्यावर जातो. शब्द चुकीचा नाही. फक्त तो वापरला की ती आई दिसेनाशी होते.

सलमाच्या पुस्तकांत मात्र ती आई दिसते, आणि एकदा नाही, अनेकदा दिसते. म्हणून आता पुस्तकांकडे वळते.

तिची 'करार' अशा अर्थाच्या शीर्षकाची एक कविता आहे, तमिळमध्ये 'ओप्पंदम'. शेजघरात जे काही बिनसतं त्याचा दोष बायकोचाच, हे तिला आई समजुतीनं सांगते आणि बहीण रागानं सांगते. आणि ती बाई? ती टाहो फोडत नाही. बिछान्यावरच्या त्या व्यवहारात आपण काय देतो आणि बदल्यात काय मागतो, याचा हिशेब ती शांतपणे मांडते. त्या मागण्या इतक्या साध्या, घरगुती आहेत की वाचताना अंगावर काटा येतो. वैवाहिक बलात्कारावर आपण किती पत्रकं काढली, किती निवेदनं दिली. मला विचाराल तर या एका कवितेत जे आहे ते आपल्या पत्रकांत कधी आलं नाही, ते म्हणजे त्या बाईची हुशारी. तिला सगळं कळतंय. कळूनही ती करारावर रोज सही करते.

अशा कवितांचं स्वागत कसं झालं असेल, याचा अंदाज तुम्हाला आहेच. २००३ मध्ये तमिळ संस्कृतीच्या स्वयंघोषित राखणदारांनी सलमा, कुट्टी रेवती, मालती मैत्री आणि सुकिर्तराणी या चौघींवर अश्लीलतेचा आरोप केला. शिवीगाळ झाली, धमक्या आल्या. या चौघींत मुस्लिम होती, दलित होती, वेगवेगळ्या थरांतल्या बायका होत्या. अपराध एकच, की आपल्या देहाबद्दल आपल्याच शब्दांत बोलल्या. पुरुष कवींनी शतकानुशतकं स्तनांची वर्णनं केली ती संस्कृती, आणि कुट्टी रेवतीनं संग्रहालाच 'स्तन' असं नाव दिलं तर ती अश्लीलता! सलमा त्या वेळी पंचायतीची अध्यक्ष होती, हे विसरू नका. अश्लील कवयित्री म्हणून नाव झालेल्या बाईला रोज गावासमोर खुर्चीवर बसायचं होतं.

आणि आता कादंबरी. 'इरंडाम जामंगळिन कदै' ही २००४ ची. लक्ष्मी होल्मस्ट्रॉम यांनी ती २००९ मध्ये इंग्रजीत आणली आणि मराठीत ती 'मध्यरात्रीनंतरचे तास' या नावानं आहे, सोनाली नवांगुळ यांच्या अनुवादात, मनोविकास प्रकाशनाची. हा अनुवाद 'भारतीय लेखिका' या मालिकेत आला आणि त्या मालिकेच्या संपादक होत्या कविता महाजन. सोनालीला या अनुवादासाठी साहित्य अकादमीचा २०२० चा अनुवाद पुरस्कार मिळाला. मला यात विशेष वाटतं ते असं. ज्या कविता महाजननं २००५ साली 'ब्र' लिहून पंचायतीत निवडून आलेल्या आदिवासी बायकांचं जगणं मराठी कादंबरीत आणलं, तीच ही तमिळ कवयित्रीची कादंबरी मराठीत यावी म्हणून धडपडली. कवयित्री, कादंबरीकार आणि पंचायत हे तिन्ही धागे दोघींच्याही हातात होते. कविता २०१८ च्या सप्टेंबरात अकाली गेली. या दोघींना समोरासमोर बसवून बोलतं करायला हवं होतं, असं आता फार वाटतं.

कादंबरीत राबिया नावाची मुलगी आहे, वयात येण्याच्या उंबरठ्यावरची. मैत्रिणींबरोबर चोरून सिनेमाला जाणं तिच्याही वाट्याला आलंय. सलमाच्या आयुष्यातला तो प्रसंग मी शिबिरात जसा सांगत असे, तसा तो इथे नाही. इथे त्यातली मजा आहे, पोरींची कुजबूज आहे, पकडलं जाण्याची धास्ती आहे. मी सांगताना शिक्षा तेवढी सांगायची, मजा गाळून टाकायची. मजाच गाळली तर त्या पोरीचं काय हिरावून घेतलं हे ऐकणारीला कळणार कसं?

मग फिरदौस. दिसायला देखणी. लग्नाच्या पहिल्याच रात्री नवऱ्याला नाकारून ती माहेरी परत येते. त्या घरात आणि त्या गावात तिचं काय करायचं हे कुणालाच कळत नाही. शेजारच्या हिंदू पुरुषाशी तिचं नातं जुळतं. पुढे काय होतं ते मी सांगणार नाही, वाचणाऱ्यांसाठी ठेवते. एवढंच सांगते की तिच्या वाट्याला येतं ते घरातूनच येतं. कुठलाही खलपुरुष दारातून आत येत नाही. माजघरातच सगळं ठरतं, सगळं घडतं, आणि ते करणाऱ्या बाईबद्दलही मनात निव्वळ राग उरत नाही. हे लिहिणं फार अवघड आहे. 'माझ्यावर अन्याय झाला' असं सांगण्यापेक्षा कितीतरी अवघड. ज्या बायकांनी आपल्याला कोंडलं त्यांच्याच कानांनी, त्यांच्याच बोलीत, त्यांच्या बाजूनंही ऐकून लिहायचं! त्या बायका दुपारच्या निवांत वेळी आपसांत नवऱ्यांबद्दल, शेजेबद्दल, दुसऱ्यांच्या सुनांबद्दल जे बोलतात ते वाचून मला गावाकडची आमची ओसरी आठवली. मी लहान असताना पाय वाजवत गेले की अशीच बोलणी एकाएकी थांबायची.

कादंबरी पसरट आहे, हेही सांगायला हवं. माणसं फार आहेत, नाती गुंतागुंतीची आहेत, मधल्या काही भागांत तेच ते दळण आलंय असं वाटतं. मला पहिली शंभर पानं लागायला वेळ गेला. नंतर लक्षात आलं की त्या बायकांचा दिवसच तसा आहे, लांबच लांब आणि तोच तो. तरीही काटछाट चालली असती, असं माझं मत आहे.

पुढच्या 'मनामियंगळ' या कादंबरीत (२०१६) मेहर आहे. तिचा नवरा हसन धर्माचा अभिमानी, तो दुसरं लग्न करतो. मेहर ते पोटात घालत नाही, फारकत मागते. फारकत मिळते, पण मोकळी झालेली बाई जाते कुठे, हा प्रश्न कादंबरी सोडत नाही. तिची मुलगी साजिदा हिला डॉक्टर व्हायचंय. मीना कंदसामीनं २०२० मध्ये ती इंग्रजीत आणली, ती स्वतः तमिळनाडूतलीच कवयित्री आणि कादंबरीकार. आपल्या समुपदेशन केंद्रांत काम करणाऱ्या मैत्रिणींनी ही कादंबरी जरूर वाचावी. घटस्फोटाच्या कागदावर सही झाली की आपण केस मिटली अशी नोंद करतो. मेहरची केस तिथून सुरू होते.

कथांचा संग्रह 'साबम', म्हणजे शाप, २०१२ चा. त्यातली एक कथा शौचालयांवरच आहे. वाचताना मला हसू आलं आणि शरमही वाटली. ज्या संडासाला मी शिबिरात 'लेखिकेची खोली' करून टाकलं होतं, तो सलमासाठी आधी संडासच आहे. बाईनं कधी जायचं, किती वेळ रोखून धरायचं, कुणाच्या नजरेआड जायचं, ही रोजची विवंचना. त्या शिबिरातल्या बायकांनाही हाच विषय जवळचा होता. पंचायतीत त्या त्यावरच भांडत होत्या. मी मात्र त्यांना त्यातलं काव्य सांगत बसले.

राजकारणाबद्दल थोडं. पक्षात गेलेल्या लेखिकेला किती मोकळं बोलता येतं, ही शंका आपल्यातल्या काहीजणींना येईल, मलाही आहे. पण राखीव जागेबद्दल नाक मुरडणाऱ्यांना मी सलमाचा दाखला देईन, पूर्वी देत होते तसा नाही, जरा बदलून. पूर्वी मी म्हणायची, आरक्षणानं तिला घडवलं. आता वाटतं, ती आधीच घडलेली होती, वीसेक वर्षं अंधारात वाचून आणि लिहून. आरक्षणानं फक्त कडी काढली. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा बायकांना आहेत. त्या जागांवर बसलेल्या बायका रात्री काय वाचतात, कुठल्या वहीत काय लिहितात, हे आपण कधी विचारलंय? आपण त्यांना अर्थसंकल्प समजावून देतो, ग्रामसभेचे नियम शिकवतो, ते हवंच. पण प्रश्नावलीत हा एक रकाना आपण ठेवलेला नाही.

आमच्या गटानं गेल्या तीन महिन्यांपासून दर दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी 'मध्यरात्रीनंतरचे तास' मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आहे. सात-आठजणी येतात. धुणीभांडी करणाऱ्या दोघी आहेत, एक निवृत्त शिक्षिका आहे, आणि जिनं मला त्या माना दाखवल्या ती मैत्रीणही आहे. ती मध्येच थांबवून सांगते, हे असं आमच्याकडे नसतं, हे तिकडचं. मग वाचन बाजूला राहतं आणि अर्धा तास कुणाच्या घरी काय असतं यावर जातो.

शिबिरातल्या त्या बाईंना पुस्तकाची एक प्रत पोस्टानं पाठवली होती. महिन्याभरानं त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "ताई, साठ पानं झाली. पण लई बायका आहेत ओ त्याच्यात. कोण कुणाची जाऊ, कोण कुणाची भावजय, ध्यानातच राहत नाही. सुनेला म्हटलं, एका कागदावर सगळ्यांची नावं लिहून दे. तर ती नावं लिहिता लिहिता स्वतःच वाचायला लागली. आता पुस्तक माझ्या हाती येईना."